जास्वंदीवरचे दोन लाल ढेकूण

पावसाळा ओसरला की भेस्तानमध्ये जिथे जिथे जास्वंद आहे, कुंडीतली भेंडी आहे, नाहीतर रेल्वेलाइनच्या कडेला आपोआप उगवलेली पेटारी आहे, तिथे तिथे लाल किडे दिसायला लागतात. (पेटारीला आमचे गुजराती शेजारी खपाट म्हणतात.) किडे एकेकटे नसतात. एकेका बोंडावर दहा-वीस, आणि रंग असा की रस्त्यावरून जाताना नजरेत भरावा. आमच्या सोसायटीतल्या मराठी बायका बहुतेक सगळ्या नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेल्या. त्या या किड्यांना एकच नाव देतात: ढेकूण. आणि ढेकूण म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हे गादीत तर नाही ना शिरणार?"

उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मधल्या या वस्तीत तो प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. लूमच्या पाळीवर जाणारी माणसं इथे एकाच खोलीत आळीपाळीने झोपतात. खाटेतला ढेकूण म्हणजे काय, हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. अंगावरच्या गांधी ते शिकवतात. त्यामुळे जास्वंदीवर लाल काही दिसलं की झुरळांचा स्प्रे बाहेर येतो. मारणाऱ्याची चूक आहे असं मला वाटत नाही. पण त्या एका स्प्रेखाली दोन वेगळ्या जातींचे किडे मरतात. एक झाडाच्या बिया शोषतो आणि दुसरा त्या बिया शोषणाऱ्यालाच शोषतो. दोघंही लाल, दोघंही एकाच कुळातले, आणि मराठीत दोघांनाही एकच नाव. या दोघांमधला फरक कसा ओळखायचा, हे लिहायला मी बसले आहे.

आधी नावाचा गोंधळ सोडवू. शास्त्राच्या भाषेत हे सगळे अर्धपंखी गणातले कीटक. नाव सरळ अर्थाचं आहे. ढेकणांच्या गटात पुढच्या पंखाचा बुडाकडचा अर्धा भाग चामड्यासारखा जाड आणि टोकाकडचा अर्धा भाग पातळ पापुद्र्यासारखा असतो. पंख मिटले की पाठीवर फुलीसारखी रेघ दिसते. या गणाचा पसारा मोठा आहे: मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, पावसाळ्यात झाडांवर किर्र करणारा सिकाडा, तळ्याच्या पाण्यावर चालणारा पाणनिवळ्या, आणि हो, गादीतला ढेकूणही. कापसावरच्या रसशोषक किडींच्या कुठल्याही पत्रकात मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी एका दमात लिहिलेले असतात. त्यातले फुलकिडे मात्र या गणात नाहीत. झुरळ नाही, भुंगा नाही, आणि इंग्रजीत जिला 'लेडीबग' म्हणतात ती ठिपक्यांची बाईही नाही. ती भुंग्यांपैकी.

इंग्रजीने इथे आपल्यापेक्षा जास्त घोळ घातला आहे. तिथे 'बग' म्हणजे कुठलाही किडा, संगणकातला बिघाड आणि पोटातला जंतूसुद्धा. म्हणून कीटकशास्त्रज्ञांना 'खरे बग' असा वेगळा शब्द वापरावा लागतो. या शब्दाचा जुना अर्थ तर किडा नव्हताच. तो होता बागुलबुवा, भूत. माइल्स कव्हरडेलच्या १५३५ च्या इंग्रजी बायबलमध्ये स्तोत्र ९१ मधल्या रात्रीच्या भयासाठी हाच शब्द आला आहे (आपल्या जुन्या कॅथलिक क्रमाने ते स्तोत्र ९०). आजच्या वाचकाला तिथे किडेच दिसतात, म्हणून ग्रंथसंग्राहक गमतीने त्याला 'बग बायबल' म्हणतात. रात्री घाबरवणाऱ्या गोष्टीचा शब्द पुढे किड्याला चिकटला. आमच्या सोसायटीत उलटं होतं. रात्री चावणाऱ्या किड्याचं नाव दिवसा झाडावर बसणाऱ्याला चिकटतं आणि त्याच्यामागून भीतीही येते.

तर पहिला मुद्दा निकालात काढते: जास्वंदीवरचा लाल ढेकूण गादीत राहत नाही. खाटेतल्या ढेकणाला उडायचे पंख नसतात आणि रक्ताशिवाय त्याचं भागत नाही. याला पंख आहेत, आणि माणसाच्या रक्ताशी त्याचं काही देणंघेणं नाही. दोघांमध्ये समान आहे ती सोंड.

ही सोंड समजली की पुढचं सगळं समजतं. अर्धपंखी किड्यांना चावायला दात नसतात. त्यांचे जबडे लांबून केसासारख्या बारीक सुया झालेल्या असतात, आणि त्या एका म्यानात बसवलेल्या असतात. वापरात नसताना ही सोंड पोटाखाली दुमडून ठेवलेली असते. सुया एकमेकींना चिकटल्या की आत दोन नळ्या तयार होतात. एका नळीतून लाळ खाली जाते, दुसरीतून पातळ झालेलं अन्न वर येतं. म्हणजे जेवण पोटात जायच्या आधीच बाहेर निम्मं पचलेलं असतं. सुई कशात टोचली, यावर पुढची कथा अवलंबून. मावा ती देठात टोचतो. खाटेतला ढेकूण आपल्या दंडात. आपल्या दोन लाल किड्यांपैकी एक सरकीत टोचतो आणि दुसरा पहिल्याच्या अंगात.

पहिल्याचं शास्त्रीय नाव डिसडर्कस कोनिगाय. कृषी खात्याच्या पुस्तिकांत तो 'कापसावरील लाल ढेकूण' म्हणून असतो. लांबी साधारण एक ते दीड सेंटीमीटर, मादी नरापेक्षा मोठी. कापूस, भेंडी, जास्वंद, सावर, परसभेंड, पेटारी, ही सगळी झाडं एकाच कुळातली, आणि तेवढ्याच कुळावर याचा जीव. मादी ओलसर मातीत, भेगेत किंवा पालापाचोळ्याखाली अंड्यांचा पुंजका घालते. साधारण आठवड्याभरात पिल्लं निघतात आणि पाच वेळा कात टाकून मोठी होतात. अगदी लहान पिल्लं जवळजवळ काही खात नाहीत, ओल मिळाली की एकत्र गोळा होऊन बसून राहतात. मोठी झाली तरी घोळक्याची सवय सुटत नाही. त्यांची जोडपी शेपटीला शेपटी लावून तासन्‌तास, कधी कधी दिवसच्या दिवस, तशीच फिरत असतात. मादी पुढे चालते आणि नर मागे उलटा ओढला जातो. आमच्या मजल्यावरची लहान मुलं त्याला 'दोन तोंडांचा किडा' म्हणतात, आणि मला ते वर्णन कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं वाटतं.

जास्वंदीवर या ढेकणाने फार मोठं नुकसान होत नाही. कापसात होतं. बोंड उमलायला लागलं की हा आत शिरतो आणि सरकीत सुई घालतो. सरकी पोकळ आणि हलकी पडते, तिच्यातलं तेल कमी होतं, ती पेरली तर नीट उगवत नाही. सुईबरोबर एक बुरशीही बोंडात जाते आणि आतला कापूस पिवळा-तपकिरी होतो. शिवाय याची विष्ठा रुईवर पडते, आणि वेचणीबरोबर जिनिंगमध्ये गेलेले ढेकूण तिथे चिरडून रुईला डाग पाडतात. माझ्या मामाचं शेत शहाद्याकडे आहे. त्याला शास्त्रीय नावं ठाऊक नाहीत, पण डागी कापूस वेगळा न वेचता चांगल्या कापसात गेला की व्यापारी सगळ्या ढिगाचा भाव पाडतो, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. घरात या किड्याचा विषय निघाला की मामीच्या बोलण्यात किड्यापेक्षा व्यापारीच जास्त येतो.

आता भेस्तानच्या आसपास कापूस दिसत नाही. कापड दिसतं, आणि तेही बहुतेक पॉलिस्टरचं. पण सुरत आणि कापूस यांचं नातं जुनं आणि थोडं अपमानाचंही आहे. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस बंद झाला, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस वापरावा लागला. आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या त्या कापसाला तिकडचे विणकर सरसकट 'सुरत' म्हणायचे, मग तो खानदेशातून आलेला असो की आणखी कुठून. होता होता 'सुरत' हा तिथे हलक्या मालासाठी शिवीसारखा शब्द झाला. आणि त्याच सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस दिला, व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस. हे केंद्र आता नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे. शहराला चिकटलेली शिवी पुसायला शंभर वर्षं लागली म्हणायचं. किड्याला चिकटलेलं नाव पुसायला किती लागतील कोण जाणे.

आता दुसरा किडा. अँटिलोकस कोकबर्टी. याला रूढ मराठी नाव मला कुठे भेटलेलं नाही, म्हणून या लेखापुरतं त्याला 'शिकारी ढेकूण' म्हणते. हाही त्याच कुळातला. या कुळातल्या किड्यांना मोठ्या डोळ्यांशिवाय कपाळावर जे बारीक साधे डोळे असतात ते नसतात, आणि ही खूण दोघांतही आहे. कुळातले बहुतेक भाऊबंद बियांवर आणि झाडांच्या रसावर जगतात. या एका शाखेने धंदा बदलला आणि आपल्याच भाऊबंदांची शिकार सुरू केली. सुई तीच, लाळेचं तंत्र तेच. फक्त सरकीच्या जागी लाल ढेकणाचं शरीर. शिकारी ढेकूण मागून किंवा बाजूने येतो, सांध्याच्या मऊ भागात सुई घालतो, आणि थोड्या वेळात भक्ष्याची हालचाल थांबते. मग ते भक्ष्य सोंडेच्या टोकावर तसंच अडकवून तो फांदीवर फिरत असतो, आपण वडापाव खात रस्त्याने चालतो तसा. शिकारी ढेकणाची पिल्लंही लाल ढेकणाच्या पिल्लांवर जगतात.

मत्तयच्या शुभवर्तमानातला मेंढराच्या वेषातला लांडगा इथे कुणालाही आठवेल. मलाही आठवला, पण ती उपमा इथे नीट बसत नाही. एक तर शिकारी ढेकणाने लाल रंग भक्ष्याला फसवण्यासाठी घेतला असं म्हणायला आधार लागतो. कुळातच लाल रंग आहे, भाऊ भावासारखा दिसला तर त्यात कपट कसलं? दुसरं म्हणजे उपमेत आपण मेंढराच्या बाजूने असतो. कापसाच्या शेतात मात्र मेंढरूच पीक खातं आणि शेतकऱ्याने लांडग्याच्या बाजूने असावं लागतं.

दोघांना वेगळं कसं ओळखायचं? पाठ बघा. लाल ढेकणाच्या मानेशी, डोक्याच्या लगेच मागे, एक पांढरी कड असते, फादरांच्या कॉलरसारखी. पाठीवर दोन्ही पंखांच्या जाड लाल भागावर एकेक काळा ठिपका असतो. पंखाचं टोक काळं. किड्याला उलटं केलं तर पोटावर लाल-पांढरे आडवे पट्टे दिसतात. शिकारी ढेकणाचंही पंखाचं टोक काळं असतं, त्यामुळे लांबून फसायला होतं. पण त्याला पांढरी कॉलर नाही, पंखावर ते दोन ठिपके नाहीत, पोटावर पांढरे पट्टे नाहीत. त्याचा लाल रंग सलग असतो, आणि बांधा लाल ढेकणापेक्षा थोराड. मी आधी ठिपके बघते, कारण ते मोबाइलच्या फोटोतही नीट दिसतात.

पिल्लांच्या बाबतीत रंगापेक्षा वागणं बघावं. शेंगेत तोंड घालून गर्दी करून बसलेली असतील तर ती बहुधा लाल ढेकणाची. आणि मोठ्यांच्या बाबतीत एक सोपी खूण सांगते, जी वर्गात सांगितल्यावर मागच्या बाकावरून हशा आला होता: दोन लाल किडे एकमेकांना चिकटलेले दिसले आणि शेपटीला शेपटी असेल तर ते लग्न, एकाची सोंड दुसऱ्याच्या अंगात असेल तर ते जेवण.

नावांबद्दल लिहिल्याशिवाय वाङ्मय मंडळाच्या अंकात हा लेख शोभणार नाही. दोघांचंही मूळ बारसं एकाच माणसाने केलं, लिनियसचा शिष्य योहान ख्रिस्तियान फॅब्रिसियस याने. लाल ढेकणाचं १७७५ मध्ये, शिकारी ढेकणाचं १८०३ मध्ये. लाल ढेकणाला त्याने आधी घातलं ते 'सायमेक्स' या प्रजातीत, म्हणजे खाटेतल्या ढेकणाच्याच डब्यात. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी जे केलं तेच. 'कोनिगाय' हे योहान गेरहार्ड कोएनिग याच्या नावावरून. तोही लिनियसचा शिष्य, आणि तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला डॅनिश मिशनकडे वैद्य म्हणून आलेला. रुग्ण तपासता तपासता त्याने वनस्पती आणि कीटक गोळा केले आणि युरोपला पाठवले. 'कोकबर्टी' हे कीटकांची चित्रं काढणाऱ्या कोकबर या फ्रेंच माणसावरून. आणि 'अँटिलोकस' थेट होमरकडून: इलियडमध्ये पॅट्रोक्लस पडल्याची बातमी अकिलीसला सांगणारा नेस्टरचा मुलगा. ग्रीक महाकाव्यातला वीर पेटारीच्या झुडपावर बसलेला आहे, हे इंग्रजीच्या पेपरात लिहिता येत नाही म्हणून इथे लिहिते.

याच कुळाची आणखी एक गोष्ट मला सोडवत नाही. कारेल स्लामा नावाचा संशोधक प्रागहून हार्वर्डला गेला, तेव्हा त्याने या कुळातले युरोपी लाल किडे बरोबर नेले. प्रागमध्ये ते पाच अवस्था पार करून नीट मोठे व्हायचे. हार्वर्डमध्ये ते मोठे होईचनात. पाचव्या अवस्थेनंतर पंख फुटायचे सोडून ते नुसतेच आकाराने वाढलेलं पिल्लू व्हायचे आणि मरायचे. स्लामा आणि कॅरोल विल्यम्स यांनी अन्न, पाणी, उजेड सगळं तपासलं. कारण निघालं बशीत तळाशी घातलेला टिपकागद. अमेरिकेत कागदाचा लगदा ज्या फर झाडापासून होतो, त्यात कीटकांच्या बालपणाच्या संप्रेरकासारखं काम करणारं द्रव्य असतं. मग त्यांनी वर्तमानपत्रंच कापून घालून बघितली. 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉल स्ट्रीट जर्नल'वर वाढलेले किडे प्रौढ होईनात. लंडनचा 'टाइम्स' आणि 'नेचर' यांच्यावर व्यवस्थित झाले. ही १९६५ ची गोष्ट. पुढच्याच वर्षी के. एन. सक्सेना आणि विल्यम्स यांनी दाखवलं की आपला कापसावरचा लाल ढेकूणही या कागदाला तसाच बळी पडतो. तो निबंध छापून आला 'नेचर'मध्ये, म्हणजे किड्यांच्या दृष्टीने अगदी निरुपद्रवी कागदावर.

हा कागद निदान कुळ तरी ओळखतो. बाकीच्या बहुतेक कीटकांवर त्याचा परिणाम होत नाही. आपण बाजारातून आणतो ते सर्वसाधारण कीटकनाशक कुळही ओळखत नाही. आणि लाल ढेकणाची भरपाई लवकर होते, कारण अंडी मातीत असतात आणि पुंजक्याने असतात. शिकाऱ्याची संख्या भक्ष्य वाढल्यावर मागून वाढते. फवाऱ्यानंतर आधी परत येतो तो लाल ढेकूण, आणि त्या वेळी त्याला खाणारं कुणी नसतं. बीटी कापसानेही इथे मदत होत नाही. २००२ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळालेल्या त्या कापसातलं प्रथिन बोंडअळीसारख्या अळ्यांसाठी आहे, सुईवाल्यांना ते लागू पडत नाही. शिकारी ढेकूण एकटा शेत साफ करेल असंही कुणी समजू नये. मामाला मी तसं सांगितलं असतं तर त्याने मला कॉलेजातून परत बोलावलं असतं.

पण निवड करणारे उपाय आहेत, आणि ते जुनेच आहेत. शेताच्या कडेला ओल्या सरकीचे छोटे ढीग ठेवायचे. बिया शोषणारा त्यांच्यावर गोळा होतो, आणि सकाळी तो ढीग साबणाच्या किंवा उकळत्या पाण्यात टाकता येतो. फरदड ठेवायची नाही. उभ्या राहिलेल्या जुन्या पऱ्हाट्या म्हणजे या ढेकणाला फुकटचा मुक्काम. बांधावरची पेटारी बोंडं धरायच्या आत काढायची.

सोसायटीतल्या जास्वंदीसाठी तर एवढंही नको. सकाळी लवकर, किडे थंडीने सुस्त असताना, फांदीखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं धरायचं. आधी फांदी नीट बघायची. ज्याच्या पाठीवर दोन ठिपके नाहीत आणि मानेला कॉलर नाही, त्याला बाजूला काढायचं आणि मग फांदी झटकायची. त्याला हाताने मात्र उचलू नका, शिकारी ढेकणाची सुई बोटातही जाऊ शकते. कागदावर घ्या आणि घमेलं उचलल्यावर परत झाडावर सोडा. तो आधीच मोठा झालेला असतो, त्यामुळे वर्तमानपत्र कुठलंही चालेल.